वीतभर सरकलेली ओळ

घंटीताईचा आवाज एकदा ऐकला की माणूस जन्मात विसरत नसे. बसमध्ये कंडक्टर होती ती. घंटीची दोरी ओढायच्या आधी तिचा आवाजच ड्रायव्हरपर्यंत पोचायचा, म्हणून डेपोत हे नाव पडलं ते कायमचं. भांडायला लागली की भल्याभल्यांची बोलती बंद. आणि हसायला लागली की मागच्या सीटवर पेंगणारा माणूसही उगाच हसायचा. अशी ही बाई घरचा जिना चढताना मात्र एकेका मजल्यागणिक गप्प होत जायची.

तिसऱ्या मजल्यावर, भाड्याच्या दोन खोल्यांत, तिचे सासरे होते. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मागे राहिले सून आणि सासरे. म्हाताऱ्याने आयुष्यभर रस्त्याच्या कडेला बसून सायकली दुरुस्त केल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याची टिंगल केल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. खुबा मोडला, चाकांची खुर्ची आली, आणि बोलका माणूस वरच अडकला. लिफ्ट नाही, जिना हा असा अरुंद. दवाखान्यात न्यायचं तर चौघांनी उचलायचं. उतरताना ते डोळे घट्ट मिटून घ्यायचे.

"पोरी, मरणाला मी भीत नाही गं," ते एकदा म्हणाले. "पण जिवंतपणीच चौघांच्या खांद्यावर जायचं, हे नाही सोसवत."

घंटीताईच्या काळजाला घरं पडली. तिने त्याच क्षणी ठरवलं, घर बांधायचं. जमिनीवरचं, स्वतःचं. आणि असं, की बाबा कुणाला हाक न मारता आपले आपण बाहेर पडतील. बाकी काही असो वा नसो.

एकटीने कुठलं घर होतंय? पण डेपोतला ड्रायव्हर अशाच खटपटीत होता. त्याने सहा कुटुंबं जमवली, गावाच्या टोकाला एक लांबट जमीन मिळवली. एकाला एक चिकटून सहा घरं, दोन घरांत भिंत एकच, आणि जमेल तेवढं काम आपल्याच हातांनी करायचं. पहिलं घर बेकरीवाल्याचं, तिसरं गवंडीदादाचं, पाचवं ड्रायव्हरचं. शेवटचं घंटीताईने मागून घेतलं. टोकाच्या घराला बाजूलाही खिडकी मिळते ना! बाबांना दोन रस्ते दिसतील.

नकाशे ज्याचे त्याने घरी बसून काढले. काय भांडणं झाली म्हणता! बेकरीवाल्याला ओटा ऐसपैस हवा, त्याच्या बायकोला ओटाच दिसायला नको. घंटीताईने खुर्ची खोलीभर फिरवून बघितली, पलंग मोजला, वळायला किती जागा लागते ते मोजलं आणि दाराला उंबरा नको म्हणून ठासून सांगितलं. सगळ्यांचे कागद गवंडीदादाकडे गेले. पहिल्या टोकापासून आखणी सुरू झाली, चर खणले गेले, पहिल्या तीन घरांच्या पायात दगडही भरून झाले. घंटीताई ड्युटीवरून थेट तिथे यायची, खाकी कपड्यांतच घमेली उचलायची आणि सगळ्यांना दमात घ्यायची.

आखणीची दोरी शेवटच्या घरापाशी आली आणि गवंडीदादाने कपाळावर हात मारला. जमीन संपली होती, घर संपलं नव्हतं! चांगलं पावणेचार फूट कमी पडत होतं.

झालं होतं असं, की प्रत्येकाने आपल्या खोल्या आतून मोजल्या. मधली भिंत? ती शेजारी धरेल. आणि शेजाऱ्याला वाटलं, ती हा धरेल. पाच भिंती सहाच्या सहा जण विसरले, आणि त्या सगळ्या भिंतींनी मिळून घंटीताईची खोली खाल्ली.

"लोकांची घरं बांधण्यात माझे केस पिकले," गवंडीदादा रडवेला होऊन म्हणाला. "स्वतःचं बांधायला घेतलं आणि अक्कल कुठे गेली कोण जाणे."

सगळे बांधावर टेकले. आता सगळ्या ओळी पुन्हा आखायच्या म्हणजे भरलेला पाया उकरायचा. बेकरीवाला घसा खाकरून म्हणाला, "ताई, राग मानू नका, पण तुम्ही दोघंच तर आहात. दोन माणसांना अशी किती जागा लागते?"

आता ही बाई याला फाडून खाणार, असं सगळ्यांना वाटलं. ती उठली आणि चालू लागली.

परत आली ती बाबांची रिकामी खुर्ची ढकलत. तिने आखलेल्या खोलीत विटा मांडून पलंगाची जागा केली, दोन विटा ठेवून दार केलं, आणि बेकरीवाल्याला म्हणाली, "बसा."

"मी?"

"तुम्हीच. पलंगापासून निघा आणि दारातून बाहेर या. पाय टेकायचे नाहीत. बस्स, मी काही बोलणार नाही."

बेकरीवाला म्हणजे भरभक्कम गडी. कसाबसा बसला. चाक फिरवलं तर पलंगाच्या विटा ढासळल्या. मागे घेतलं तर दोरीत अडकलं. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. तोंड लालबुंद झालं. सगळे पोट धरधरून हसत होते. शेवटी खुर्ची चराच्या कडेला कलली आणि हा घाबरून ओरडला, "अरे, बघताय काय? उचला मला!"

हसू तिथेच थांबलं. त्याला उचलायला चौघं धावले, आणि उचलता उचलता प्रत्येकाला कळून चुकलं.

"बाबांना रोज हेच ओरडावं लागतं," घंटीताई म्हणाली. त्या जागेवर तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "मी कुणाचं घर मागत नाही हो. गाडीत सगळे थोडं थोडं सरकतात, तेव्हा दारातल्या माणसाचा पाय आत येतो. तेवढं सरका."

गवंडीदादाने हिशोब केला. सहांत वाटलं तर एकेकाच्या वाट्याला वीतभरसुद्धा येत नव्हतं.

बेकरीवाल्याने कपडे झटकले, कुदळ उचलली, स्वतःच्या घराच्या भरलेल्या पायावर पहिला घाव घातला आणि म्हणाला, "ओटा गेला खड्ड्यात! बायको तरी खूश होईल."

मग जो काही झपाटा सुरू झाला! पाया उकरला, दगड पुन्हा भरले, भिंती चढल्या. घंटीताई गिलावा करायला शिकली. पहिल्या खेपेला निम्मा तिच्याच अंगावर. ड्रायव्हरच्या बायकोने सहाही घरांचे दरवाजे रंगवले, सहा रंगांचे, आणि वर कुणाला बोलायची सोय ठेवली नाही. आपण न थापलेली भिंत दाखवा, म्हटलं तर कुणालाच दाखवता आली नसती. घरं उभी राहिली तेव्हा समोरून जाणारे थबकून बघायचे, आणि घंटीताई कमरेवर हात ठेवून सांगायची, "आम्ही बांधलंय!"

बाबा राहायला आले. पहिले काही दिवस खिडकीशीच बसून राहिले. दार उघडं असायचं, पण त्यांचा हात चाकावर जायचा आणि परत यायचा. घंटीताईने एका शब्दाने हटकलं नाही. सकाळी त्यांना खिडकीशी बसवून कामावर जायची. संध्याकाळी यायची, तर ते तिथेच.

एके दिवशी ती आली, तर खिडकीशी कुणी नव्हतं.

पलंग रिकामा, स्वयंपाकघर रिकामं. "बाबा!" अशी हाक मारली की शेजारच्या घरांची दारं भराभर उघडली. ती धावतच रस्त्यावर आली. ओळीच्या पार दुसऱ्या टोकाला, बेकरीवाल्याच्या दारात, खुर्ची उभी होती. बाबांनी त्याची सायकल उलटी करून ठेवली होती, हात काळेकुट्ट झाले होते, आणि चेन अशी सैल ठेवतात का म्हणून ते त्याला मनसोक्त झापत होते.

"न सांगता कुठे जाता हो?" ती जीव खाऊन ओरडली. डोळे मात्र घळाघळा वाहत होते. "आणलं कुणी तुम्हाला इथे?"

"आणायला कोण लागतंय?" म्हातारा मान वर न करता म्हणाला. "तू हो पुढे. माझं काम आटपलं की येतो मी घरी."