परत येणारं माणूस
नव्या प्लास्टिकच्या चेंडूचा वास आला की मला केनवडच्या अंगणवाडीतली ती सकाळ आठवते. माझी लेक तेव्हा दीड वर्षाची होती. वीटभट्टीवर कामाला जाताना आम्ही नवरा-बायको तिला वहिनीकडे ठेवून गेलो होतो, तेही ती झोपेत असताना, आमच्याकडे सगळेच जातात तसे डोळा चुकवून. सहा महिन्यांनी परतलो, तेव्हा लहान मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या एक बाई गावात आल्या होत्या. त्यांचा प्रयोग साधा होता: बाळाच्या माणसाने त्याला खेळताना सोडून बाहेर जायचं आणि थोड्या वेळाने परत यायचं. बाई कोपऱ्यात बसून बघत. "मी बाप आहो तिचा," म्हणत मीच पुढे झालो. मी बाहेर गेलो, तरी लेक बाईंनी दिलेल्या नव्या चेंडूशी खेळत राहिली. "पाहा, रडली नाई! गुणाची हाय माही पोरगी," मी बाहेरूनच म्हटलं. वहिनी हसली, "भाऊजी, तुमी गेले हे तिले समजलं तरी काय?" मी परत आलो, तेव्हाही तिने मान वर केली नाही. मग वहिनी बाहेर गेली आणि लेकीने आकांत मांडला. वहिनी दारात दिसताच ती धावली, तिच्या मानेत तोंड खुपसून क्षणात शांत झाली आणि पुन्हा खेळायला खाली उतरली. एवढ्याशा जिवाचा एवढा भरवसा मी कुठल्या देवळातही पाहिला नव्हता. पुढच्या वर्षी निघताना मी तिला जागं केलं, सांगून निघालो. वहिनीच्या कडेवरून माझ्याकडे हात पसरून ती रडली. बापाने असं म्हणू नये, पण त्या रडण्याचा आनंद मला आजही आहे.