हेमाकाकूंचं उजवं पाऊल

हेमाकाकू साखळकर आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. कोपरच्या या बिल्डिंगमध्ये त्या राहायला आल्या तेव्हा त्यांचा केदार बालवाडीत होता, आणि तेव्हापासून त्यांचं शिलाई मशीन हॉलच्या खिडकीशी आहे. माझ्या लग्नातले चारही ब्लाउज त्यांनी शिवले. माप त्या एकदाच घ्यायच्या. नंतर बाई जाड झाली की बारीक, हे ती दारातून आत येतानाच ओळखायच्या आणि तोंडावर सांगायच्या. गोड बोलणं त्यांना कधी जमलं नाही, पण हात असा की बायका कल्याणहून यायच्या.

साठीच्या आसपास त्यांचा उजवा गुडघा गेला. जिना आडवा उतरायला लागल्या, कठडा धरून, एकेक पायरी. केदार आता ठाण्याला माजिवड्याला राहतो. दोन वर्षं तो गुडघा बदलायच्या ऑपरेशनसाठी मागे लागला होता आणि या टाळत होत्या. शेवटी एका दिवाळीनंतर तयार झाल्या. हॉस्पिटल केदारच्या घराजवळचं, डॉक्टर नावाजलेले.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी व्यायाम घ्यायला आलेली मुलगी म्हणाली, "काकू, पाऊल वर उचला."

काकूंनी उचललं.

"उचला ना, काकू."

"उचललं की."

मग त्यांनी मान वाकवून पाहिलं. पाऊल जिथे होतं तिथेच होतं.

डॉक्टर संध्याकाळी आले. हसतमुख माणूस. म्हणाले, "नस जरा रुसलीय. सहा आठवड्यांत रुसवा निघेल." सहा आठवड्यांनी म्हणाले, सहा महिने. दर वेळी स्क्रीनवर एक्स-रे लावायचे आणि पेनाने दाखवायचे, "बघा, किती सुंदर बसलाय गुडघा." बसला होताच. गुडघ्याबद्दल काकूंची काही तक्रार नव्हती. पोटरीच्या बाहेरच्या बाजूपासून अंगठ्यापर्यंत, तळव्यासकट, पाय मेला होता, आणि मेलेल्या पायाची आग होत होती. हे त्या सांगायच्या तेव्हा लोकांना कळायचं नाही.

"बधीर आहे म्हणता, मग दुखतं कसं?" मीही एकदा विचारलं होतं.

"मला विचारून होतंय का ते?" काकू म्हणाल्या. "वरून टाचणी टोचली तरी कळत नाही. आणि आतून कुणीतरी निखारा धरून बसल्यासारखं. चादरसुद्धा नको वाटते पायावर."

नसांच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी आग थोडी कमी व्हायची, पण दिवसभर डोळे जड. पाऊल लोंबू नये म्हणून प्लास्टिकचा आधार आला. बुटात घालायचा. काकूंनी आयुष्यात बूट घातला नव्हता. बाहेर जाताना त्या आधार काढून ठेवायच्या आणि साधी चप्पल घालायच्या.

चार महिन्यांनी त्या मशीनवर बसल्या. मोटरच्या मशीनला खाली पेडल असतं. जितकं दाबाल तितकं मशीन पळतं. बाही जोडताना मुंढ्याच्या वळणावर ते अगदी हळू चालवावं लागतं. आमच्याच बिल्डिंगमधल्या सुमती गद्र्यांच्या मुलीचा साखरपुडा होता, मोरपंखी रेशमी ब्लाउज होता. काकूंना वाटलं, आपण पेडलवर पाय नुसता ठेवलाय. पेडल दाबलं गेलं होतं. मशीन धावत सुटलं आणि शिलाई बाहीवरून तिरकी गळ्यापर्यंत गेली. उसवून काही उपयोग नव्हता, रेशमाला भोकं राहतात. गद्रेबाई "असू दे हो" म्हणाल्या, आणि लग्नाचे ब्लाउज डोंबिवलीत दुसरीकडे टाकले. ते काकूंना तिसऱ्याच कुणाकडून कळलं.

मग मे महिना आला. अस्तराचं कापड आणायला काकू डोंबिवलीत फडके रोडला गेल्या. येताना शेअर रिक्षाने आल्या, नाक्यावर उतरल्या आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन घरापर्यंत चालत आल्या. दुपारचा एक वाजलेला. गेटवर वॉचमन म्हणाला, "काकी, एक चप्पल किधर गया?"

उजव्या पायातली चप्पल रिक्षातच राहिली होती. काकू तापलेल्या डांबरावरून अनवाणी पावलाने आल्या होत्या आणि त्यांना पत्ता नव्हता. वर येऊन पाहिलं तर तळव्याला रुपयाएवढे दोन फोड. जखम भरायला दोन महिने लागले. ड्रेसिंग करणाऱ्या डॉक्टरांनी तीनदा विचारलं, शुगर आहे का. शुगर नव्हती.

"रस्त्यात निदान वीस माणसं भेटली असतील," त्या मला म्हणाल्या. "एकानेही सांगितलं नाही. वेडी समजले असतील."

त्यानंतर केदारच्या बायकोने, देवयानीने, घरी येणारी फिजिओथेरपिस्ट लावून दिली. योगिनी नाव तिचं. तिने पहिल्याच दिवशी हॉस्पिटलची फाइल मागितली. मी तिथेच बसले होते. पानं उलटताना ती एका कागदावर थांबली.

"हे तुम्हाला सांगितलेलं ना, काकू?"

"काय?"

"नसेला इजा होऊ शकते, पाऊल उचलायची ताकद जाऊ शकते, कधीकधी कायमची. इंग्लिशमध्ये लिहिलंय. खाली तुमची सही आहे. आणि मुलाची."

काकूंनी कागद हातात घेतला. सही त्यांचीच, मराठीत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नर्सने बोट ठेवलं तिथे त्यांनी ती केली होती.

पुढचं त्यांनीच मला नंतर सांगितलं. रविवारी केदार आला. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी कागद त्याच्यापुढे ठेवला.

"तू हे वाचलं होतंस?"

त्याने कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाला, "डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलेलं. क्वचित होतं म्हणाले, शंभरात एखाद्याला."

"मला का नाही सांगितलंस?"

"आई, तू दोन वर्षं टाळत होतीस. सांगितलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"हो. म्हणाले असते."

"मग गुडघ्याचं काय केलं असतंस?"

"ते मी बघितलं असतं. गुडघा माझा होता."

काका, म्हणजे सुधीर साखळकर, मध्ये पडले. "अगं, त्याने तुझ्या भल्यासाठीच केलं."

"मी कुठे म्हणतेय वाइटासाठी केलं?" काकू म्हणाल्या आणि कपबशा उचलून आत गेल्या. त्या दिवशी केदार जेवायला थांबला नाही. नंतर येत राहिला, येतोही. पावलाचा विषय दोघंही काढत नाहीत.

ऑपरेशनला वर्ष होत आलं तेव्हा हॉस्पिटलमधून फोन आला. गुडघे बदललेल्या पेशंटचा मेळावा आहे, तुम्ही या, दोन शब्द बोला. काकू नाही म्हणतील असं सगळ्यांना वाटलं. त्या हो म्हणाल्या. मला म्हणाल्या, "तू चल माझ्याबरोबर. घरचं कुणी नको."

ठाण्यातला एसी हॉल होता. स्टेजवर फुगे, बाहेर पोहे आणि कॉफी. एकेका पेशंटला नाव पुकारून स्टेजवर चालवत होते, गाणं लावून. एका आजोबांनी तर बैठक मारून दाखवली. काकूंचं नाव आलं. पाऊल घसटू नये म्हणून त्या उजवा पाय ढोपरातून उंच उचलून टाकतात, पाणी साचलेल्या रस्त्यातून चालावं तशा. तशाच गेल्या. डॉक्टरांनी गुलाबाची कुंडी दिली. निवेदन करणाऱ्या मुलीने माइक पुढे केला, "काकू, आता कसं वाटतंय?"

"गुडघा चांगला झालाय," काकू म्हणाल्या. "पाऊल गेलं. ते जाऊ शकतं हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्यापैकी ज्यांचा दुसरा गुडघा व्हायचाय, त्यांनी कागद मराठीत वाचून घ्या."

मग ती मुलगी म्हणाली, "थँक यू काकू, किती पॉझिटिव्ह आहात तुम्ही," आणि टाळ्या सुरू झाल्या. भरपूर वाजल्या. मागच्या रांगांना बहुतेक नीट ऐकूच गेलं नसावं. डॉक्टरही वाजवत होते.

पोह्यांच्या रांगेत एक बाई काकूंच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. आंबिवलीहून आल्या होत्या, विमलाबाई नाव. हळू आवाजात म्हणाल्या, "माझंबी असंच हाय, ताई. चार महिने झाले. तुमचं कधी बरं झालं?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "नाही झालं."

"पण डॉक्टर म्हनले, होईल."

"मलाही म्हणाले होते."

विमलाबाईंचा चेहरा पडला. त्यांच्या मुलीने ऐकलं असावं. तिने "आई, चल" म्हणून त्यांना हाताला धरून दुसऱ्या टोकाला नेलं. जाताना काकूंकडे असं बघितलं की जणू पाऊल काकूंनीच घालवलं होतं. परतीच्या वाटेवर टॅक्सीत काकू कल्याण फाट्यापर्यंत मांडीवरच्या कुंडीतली माती दाबत होत्या. मग म्हणाल्या, "खोटं बोलायला हवं होतं का मी?" कुंडी त्यांनी आमच्या वॉचमनला देऊन टाकली.

आता अडीच वर्षं झाली. योगिनीच्या व्यायामाने अंगठा थोडा हलतो. पेडल त्यांनी डाव्या पायाखाली घेतलं आणि मोटरचा आवाज ऐकत मशीन चालवायला त्या शिकल्या; आवाज चढला की पाय ढिला करायचा. पण डावा गुडघाही आता गेलाय, तासाभराच्या वर बसवत नाही. फॉल, हुक, काजं, एवढं काम घेतात. रेशीम घेत नाहीत. डावा गुडघा बदलायचा का, असं एकदा देवयानीने विचारलं. काकूंनी उजव्या पावलाकडे बोट दाखवलं.

गेल्या आठवड्यात मी फॉल लावायला साडी द्यायला गेले. काकू खुर्चीवर, उजवा पाय स्टुलावर, आणि काका खाली बसून त्यांची नखं कापत होते. नखं स्वतः कापायला काकूंना मनाई आहे, मांस कापलं गेलं तरी कळणार नाही म्हणून. काकांचा चष्मा नाकावर आलेला. प्रत्येक नखाला ते विचारत होते, "लागलं का गं?"

चौथ्यांदा विचारल्यावर काकू म्हणाल्या, "अहो, मला काय विचारता? रक्त आलं तर तुम्हालाच दिसेल."

काकांनी चष्मा वर सरकवला. त्यांनी पुढचं बोट धरलं.

"साडी तिथे ठेव," काकू मला म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत होणार नाही. घाई असेल तर दुसरीकडे दे."

मी ठेवून आले.