डोणीतली धाकटी

पावसाळ्यात नागावला पाहुणे कमी आणि काम जास्त. खोल्यांना बुरशी, गाद्यांना वास, चादरी काही केल्या वाळत नाहीत. तरी त्या शनिवारचं बुकिंग होतं, म्हणून मी वाडीतली आवराआवर काढली. नारळांना पाणी सोडायच्या जुन्या दगडी डोणीत बेडूकमासे झाले होते, आणि मागच्या दारच्या बादलीत बेडकाने नुकतीच अंडी घातली होती. बादली मला हवी होती. म्हटलं, जात एकच, राहतील एकत्र. निम्मी अंडी डोणीत ओतली, डोण भरलेली वाटली म्हणून उरलेली टपात.

दोन दिवसांनी मुलगी कॉलेजातून आली ती डोणीपाशीच थबकली. "आई, मोठ्यांच्या तोंडात घास दिलास गं!"

अंड्यांतून निघालेली पिल्लं मोठे बेडूकमासे गिळत होते.

जाऊबाई ओटीवरून म्हणाल्या, "काय गो, आता बेडकांचं पण बाळंतपण करायचं काय? आधी चादरी बघ."

वाचलेली पिल्लं तळाशी दबून असायची, खायलाही फारशी हलत नसत. तरी पाय त्यांनाच आधी फुटले. टपातली अजून निवांत शेपट्या हलवत होती, तेव्हा डोणीतले हे धाकटे बेडूक होऊन बाहेर पडलेसुद्धा. चवळीच्या दाण्याएवढे.

"आपल्यातलेच खायला टपलेले असले की काही पिल्लं वाढ लवकर उरकतात," मुलगी म्हणाली. "निसटतात, पण अंग भरत नाही." आणि त्याच सुरात, "मी पनवेलला नोकरी बघितलीय. हॉटेलच्या काउंटरवर."

"आणि शेवटचं वर्ष?"

"बाहेरून देईन."

"एवढी कसली घाई?"

"खोली पाहुण्यांना, टेबल दादाला, ओटीवर काकूचा टीव्ही. अभ्यास कुठे करू, सांग."

"सीझन संपला की बघू."

"दर वर्षी तेच म्हणतेस."

मी फोन घेतला. मागची खोली बुकिंगमधून काढून टाकली.

"पाहुण्यांना काय सांगणार?" जाऊबाईंनी विचारलं.

"एकच खोली आहे म्हणून."

"मग विजेचं बिल बेडूक भरतील, व्हय ना!"

मी तिच्या दादाची, म्हणजे माझ्या पुतण्याची, वह्यापुस्तकं उचलून कॉटवर ठेवली आणि टेबल मागच्या खोलीकडे ओढायला लागले. मुलीने दुसरं टोक धरलं. दारातून ते तिरकं करून काढावं लागलं. पनवेलला नकार कळवते, असं मात्र ती म्हणाली नाही.