उभे पाच, दोन अक्षरं

निवृत्तीनंतर बरीच प्रकरणं डोक्यात एकमेकांत मिसळून गेली. कोणती चोरी कुठल्या ठाण्यातली, हे आता मलाच धड सांगता येत नाही. एक प्रकरण मात्र विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. नावं कोणाचीच देणार नाही. ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी मंडळींना ओळख पटलीच, तर त्यांनीही कृपा करून तोंड बंद ठेवावं.

तेव्हा मी लष्कर भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या मध्य प्रदेशात त्याला टी.आय. म्हणतात. आमचं घराणं दक्षिणेतून फौजेबरोबर इकडे आलेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि ठाण्यात तर नुसती हिंदीच. सकाळी पेपर आला की बातम्या नंतर, आधी 'वर्ग पहेली', म्हणजे हिंदी शब्दकोडं. पहाऱ्यावरचा शिपाई शब्द विचारायचा आणि मुंशीजी रोजनामचा लिहिता लिहिता उत्तर द्यायचे. एकदा तर कोठडीतल्या चोराने आतून ओरडून बरोबर शब्द सांगितला होता. मी रागावलो नाही. कोडं कानावर पडलं की माणसाला गप्प बसवत नाही, मग तो गजाआड का असेना.

थंडीचे दिवस होते. एका सकाळी शालीत गुरफटलेल्या एक वयस्कर काकू ठाण्यात आल्या आणि माझ्यासमोर खुर्चीत बसल्या. मी बसा म्हणायच्या आधीच बसल्या.

"साहेब, माझ्या मैत्रिणीला तिच्या भाच्याने कोंडलंय. ती बेपत्ता आहे, गुमशुदगी लिहा."

त्यांची मैत्रीण म्हणजे एका शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या शिक्षिका. सगळे त्यांना बाईच म्हणत. लग्न केलं नाही. भावाच्या माघारी त्याच्या मुलाला त्यांनीच वाढवलं. तो आता जमिनींच्या दलालीत होता आणि महाराज बाड्यापासून जवळच असलेल्या बाईंच्या घरावर त्याचा डोळा होता. बाई विक्रीच्या कागदावर सही करत नव्हत्या. आणि एक दिवस घराला कुलूप लागलं. भाचा गल्लीत सांगत सुटला, आत्याला हवापालटासाठी इंदूरला पाठवलंय.

"मग तुम्हाला संशय का?" मी विचारलं.

"माझ्याकडे तिच्या घराची दुसरी किल्ली आहे. आत जाऊन पाहिलं. तिचं इन्सुलिन फ्रिजमध्ये तसंच पडलंय. ती माणूस सोडून जाईल, इन्सुलिन सोडून नाही जायची. ते नाही मिळालं तर ती वाचायची नाही हो!"

हे ऐकून मी ताठ बसलो. काकूंनी पुढचं सांगितलं ते आणखीच विचित्र होतं. दोघी मैत्रिणी रोज सकाळी चहा झाला की फोनवर मराठी शब्दकोडं सोडवत. एके काळी पुण्या-मुंबईचा पेपर इथे शिळा होऊन यायचा, तरी त्या कोड्यासाठी तो राखून ठेवत. आता कोडं मोबाइलवर येतं. भाच्याला हा शिरस्ता माहीत होता. फोन बंद पडला तर काकू गाव गोळा करतील, म्हणून तो स्वतः शेजारी बसून, स्पीकर लावून बाईंना बोलू देत होता.

"काल मी विचारलं, बरी आहेस ना गं? तर म्हणाली, 'अगदी छान. इथे मला रोज शिक्षा मिळते आणि दिवसभर माझी चेष्टा चालू असते.'"

शेजारी उभे असलेले आमचे हवालदार खूश झाले. "अरे वाह! इस उमर में भी पढ़ रही हैं? कोशिश जारी है!"

काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्यांनी टोपी सारखी केली. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीत काय, ते तुम्हाला सांगायला नको. भाचा मराठी घरातला खरा, पण सगळं शिक्षण आणि धंदा हिंदीत, मराठी नुसतं कानावरून गेलेलं. तो नेमक्या कुठल्या शब्दांवर घसरतो, हे त्याला वाढवणाऱ्या मराठीच्या बाईंइतकं कोणाला ठाऊक असणार? मनात म्हटलं, काय डोकं आहे या बाईचं!

गुमशुदगी नोंदवली आणि भाच्याला बोलावलं. गडी आला तो हसतच. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला टिळा.

"सर, आत्या एकदम मजेत आहे. इंदौरला माझ्या साढूकडे. काकूंना बेकारची टेन्शन घ्यायची आदत आहे."

"औषधं?"

"सगळी सोबत दिली ना सर. इन्सुलिन पण."

मी फ्रिजचा विषय काढला नाही. खोटं बोलणाऱ्याला पहिल्याच खोट्यावर अडवलं तर तो सावध होतो, तेव्हा त्याला बोलू द्यावं. दुपारपर्यंत मी त्याला फिरवून फिरवून तेच विचारलं. पठ्ठ्या हलला नाही. उलट म्हणाला, बालिग बाई आहे, कुठेही राहील, कायदा काय म्हणतो? कायदा मलाही येत होता. पण याला कोठडीत टाकला तर बाई कुठे आहेत ते कोण सांगणार? आणि त्यांच्याजवळ वेळ नव्हता.

तेवढ्यात बाईंच्या मोबाइलचं टॉवर लोकेशन आलं. फोन इंदूरला नव्हताच, किल्ल्याच्या उत्तरेला हजीरा भागात होता. पण टॉवर गल्ली सांगत नाही, घर तर नाहीच नाही. हजीऱ्यात घराला घर चिकटलेलं.

मी भाच्याला म्हटलं, "उद्या सकाळी आत्याचं काकूंशी एकदा नीट बोलणं होऊ दे, म्हणजे मी फाइल बंद करतो." त्याचा चेहरा उजळला. त्याच्या मागावर साध्या कपड्यातला शिपाई लावला, पण हजीऱ्याच्या बाजारात गर्दीत तो निसटला. म्हणजे सगळी भिस्त आता त्या फोनवर.

दुसऱ्या दिवशी मी आणि हवालदार काकूंच्या घरी जाऊन बसलो. समोर त्या दिवशीचं कोडं. ज्यांना सवय नाही त्यांना सांगतो, मराठी कोड्यात एका चौकोनात एक अक्षर, काना-मात्रेसकट. जोडाक्षर असलं तरी घर एकच. उभे पाचला सूचक शब्द होता, 'समुद्र', आणि घरं चार. 'रत्नाकर' हे मलासुद्धा आलं.

फोन लागला. बाईंचा आवाज खोल गेलेला, पण शब्द स्वच्छ.

"उभे पाच घे गं. दोन अक्षरं. खाली."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. घरं चार, आणि बाई म्हणतात दोन.

"खाली?" काकूंनी विचारलं.

"हो, खाली. आणि त्याच्या वर, कापूस. दिवसभर कापूस. लिहिलंस?"

मागून भाच्याचा आवाज आला, "आत्या, खाली आहे तर खाली सोडून द्या ना, पुढचं भरा." त्याला वाटलं, चौकोन रिकामा राहिलाय. बाई म्हणाल्या, "बरोबर बोललास बाळा," आणि फोन बंद झाला.

हवालदार उठलेच. "सर, हजीरा में रुई वाले की दुकान है, रजाई भरता है. उसके पास कोई खाली मकान होगा!" मलाही तेच वाटलं. आम्ही ग्वाल्हेरची माणसं, गाडी खाली, जागा खाली, डबा खाली, हेच आमचं रोजचं मराठी. गाडी काढली. काकू न विचारता मागे बसल्या.

रजयांचा मोसम होता. कापूस पिंजायचं मशीन धडधडत होतं. दुकानाच्या बाजूलाच खरोखर एक रिकामं घर सापडलं. कुलूप तोडलं, खोली न् खोली पाहिली, माळाही पाहिला. धुळीखेरीज काही नाही. हवालदार मटकन पायरीवर बसले.

आणि काकू गाडीतून उतरून माझ्यावर कडाडल्या. "अहो, तुम्ही रिकामं घर काय शोधताय? ती आयुष्यात कधी रिकाम्याला खाली म्हणाली नाही! 'डबा खाली आहे' म्हटलं तर विचारायची, कशाच्या खाली? आमच्या अर्ध्या ग्वाल्हेरने तिचा ओरडा खाल्लाय त्या शब्दावर. वर कापूस म्हणाली ना ती? मग खाली म्हणजे खालीच!"

मी धावतच दुकानात शिरलो. दुकानदार घाबरून म्हणाला, तळघर तर भाड्याने दिलंय, कोणी जमिनीचा दलाल आहे, सामान ठेवतो. रस्ता मागच्या गल्लीतून. दोन पंच बोलावले आणि दार तोडलं. आत भाचा होता आणि बाजेवर बाई. ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले, अंगावर झरोक्यातून आलेला कापूस. उशाशी विक्रीचे कागद आणि पेन.

भाच्याने हात जोडले. मी त्याला काय म्हणालो ते छापण्यासारखं नाही. बाईंना मीच उचललं आणि गाडीत ठेवलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. काकू तेव्हा पहिल्यांदा रडल्या, आणि रडता रडता हवालदारांना चहा आणायला पाठवलं.

लोक म्हणतात, कोडी म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग. आमच्या आजोबांच्या पिढीत तर बक्षिसांच्या कोड्यांचं इतकं वेड होतं की सरकारला त्यावर कायदा करावा लागला. पण जेवताना मुलांना कोडी घालणाऱ्या आज्या आणि लग्नात अडवून उखाणा मागणाऱ्या बायका यांनी एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या शिकवली आहे. एका शब्दाला एकच अर्थ असतो असं समजू नये, आणि तो कोणाच्या तोंडून आला ते आधी बघावं. मी आयुष्यभर जबाब घेतले, पण ही गोष्ट मला खऱ्या अर्थाने त्या दिवशी कळली. आणखी एक कळलं. मी तिथे एका बिचाऱ्या म्हातारीला सोडवायला गेलो होतो. बिचारी कसली? आम्ही रिकामं घर फोडत होतो तेव्हा त्या अंधारात सगळा तपास तीच करत होती.

बाई शुद्धीवर आल्यावर मी इस्पितळात त्यांचा जबाब घ्यायला गेलो. नातेवाईक जमले होते. प्रत्येकाचं एकच, घरचा मुलगा आहे, मिटवून टाका, आयुष्य बरबाद होईल त्याचं. मला चीड आली होती, पण शेवटी फिर्याद बाईंची. मी विचारलं, "बाई, काय करायचं?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझाच आहे हो तो. मी घास भरवलाय त्याला." मग त्यांनी पदराने डोळे पुसले. मला वाटलं, संपलं, आता माघार घेणार.

"म्हणूनच मीच देणार फिर्याद," त्या म्हणाल्या. "लिहा."

मी लिहिलं. त्यांनी सगळं वाचून काढलं, माझ्या दोन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि पेन मागितलं. ज्या सहीसाठी त्याने त्यांना मरणाच्या दारात नेऊन ठेवलं होतं, ती त्यांनी सगळ्या नातेवाइकांच्या देखत, सावकाश, पूर्ण नावानिशी केली.