हूंभाऊंचा रविवार

माणसानं अबोल असावं, पण किती? हूंभाऊंना चहा हवाय का विचारा, उत्तर हूं. शेजारच्या घराला आग लागली म्हणून सांगा, तरी हूं. धंदा रंगकामाचा, त्यामुळे दिवसभर तोंड भिंतीकडे. गिऱ्हाईक मागे उभं राहून फिकट निळा की गडद निळा यावर तासभर डोकं खाई आणि भाऊ भिंतीच्या भेगांत लांबी भरता भरता एक हूं टाकून मोकळे होत. त्यांचं खरं नाव इमारतीत कुणाला आठवत नव्हतं. हूंभाऊ म्हणून हाक मारली की ते वळून बघत, आणि हाक मारणाऱ्यानं तेवढ्यावरच समाधान मानायचं.

आणि अशा माणसाला बायको कोण मिळावी, तर बस डेपोच्या चौकशीच्या खिडकीत बसणारी! वहिनींच्या तोंडाला विश्रांती म्हणून नव्हती. गाडी किती वाजता विचारलं तर वेळ सांगायच्या, फलाट सांगायच्या, वर "एवढं सामान घेऊन एकट्याच निघालात का हो?" हेही विचारायच्या. संध्याकाळी घरी आल्या की खिडकीतला सगळा दिवस त्या भाऊंच्या ताटापुढे ओतायच्या. भाऊ घास चावत ऐकत. एकानं बोलायचं, एकानं ऐकायचं, कुणाचंच कुणावाचून अडत नव्हतं. लेक मोठी झाली, लग्न करून दूरच्या शहरात गेली, तरी घर काही ओस वाटलं नाही. वहिनी होत्या ना बोलायला.

मग वहिनींचा उजवा कान गेला. कानाच्या नसेवर गाठ होती. ती काढली, पण तिच्याबरोबर कानही गेला. "दुसरा आहे की अजून," असं म्हणत वहिनींनी डाव्या कानावर खिडकी चालू ठेवली. पुढे त्या बाजूलाही गाठ निघाली. डॉक्टरीणबाई स्वभावानं चांगल्या होत्या, पण त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "काढली नाही तर जिवावर बेतेल. काढली की ऐकू येणं बंद होईल, पूर्णपणे. मशीनचाही उपयोग होणार नाही." ऑपरेशन सोमवारी ठरलं, त्यापुढे ढकलता येणार नव्हतं.

वहिनी त्या दिवशी पोटभर रडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुतलं, पदर खोचला आणि हुकूम सोडला. "शनिवारी आपण दोघं कार्यक्रमाला जायचं. तिकिटं काढलीत मी."

कार्यक्रम होता तो रॉक गाणाऱ्या चौघांचा. वहिनी कॉलेजात असताना त्या चौघांचे केस खांद्यापर्यंत होते आणि वहिनींच्या कपाटात कॅसेटींचा ढीग होता. आता चौघांत मिळून एका डोक्यापुरते केस उरले असतील. पण गावोगाव फिरून गात होते अजून. भाऊंना त्या धांगडधिंग्याचा मनस्वी कंटाळा. तरी ते हूं म्हणाले.

"आणि रविवार तुमचा," वहिनी म्हणाल्या.

"हूं?"

"हूं नाही! रविवारी सकाळपासून तुम्ही बोलायचं आणि मी ऐकायचं. मी चकार शब्द काढणार नाही. काय वाटेल ते बोला. रंगाच्या डब्यांची नावं घ्या, गिऱ्हाइकांना शिव्या घाला, पण बोला. सोमवारी मला आत नेतील तेव्हा कानात काय असेल? नर्सबाईचं 'हात सरळ ठेवा'? मला तुमचा आवाज हवाय हो. आयुष्यभर माझीच टकळी ऐकली मी."

भाऊ तयारीला लागले. त्या आठवड्यात एका शाळेच्या जिन्यात रंग देणं चालू होतं. शिडीवर चढून, रोलर फिरवत, ते भिंतीला सगळं सांगून बघत. सांगण्यासारखं होतं, नव्हतं असं नाही. लग्नाआधी हा माणूस त्या चौकशीच्या खिडकीवर पुन्हा पुन्हा जायचा आणि एकाच गावाची गाडी विचारायचा. त्या गावात त्याचं कुणी नव्हतं. गाडीत तो कधी बसलाही नव्हता. खिडकीतली मुलगी भरभरून उत्तर द्यायची, म्हणून जायचा. इतकी वर्षं संसार केला, पण हे बायकोला सांगितलं नव्हतं! काय म्हणावं या माणसाला! अशा बऱ्याच गोष्टी होत्या. कोणती आधी, कोणती नंतर, सगळं त्यांनी मनात लावून ठेवलं.

शनिवारी ऊन उतरता उतरता दोघं मैदानावर पोचले. भाऊ येताना खिशात कापूस घेऊन आले होते, कानात घालायला. वहिनींनी तो काढून फेकून दिला. "मी कान गमवायला निघालेय आणि तुम्ही असलेले बुजवताय!" स्वतःच्याच बोलण्यावर त्या हसायला गेल्या, पण हसू काही नीट आलं नाही. निदान झाल्यापासून ते तसंच अर्धवट यायचं.

वहिनींना लांबून नीट ऐकू येईना, म्हणून गर्दीतून वाट काढत दोघं पार पुढे गेले, कपाटाएवढ्या स्पीकरांच्या जवळ. ड्रम वाजायला लागला तो थेट पोटातच. वहिनी नाचायला लागल्या. डेपोच्या खिडकीत बसून गुडघे धरलेली बाई, पण नाचली! मग गायकानं माइक लोकांकडे धरला आणि सगळं मैदान "ओऽऽ" करून ओरडलं. भाऊ नुसतं तोंड उघडून उभे.

"ओरडा ना हो!"

भाऊंनी एक बारीकसा "ओ" काढला. वहिनींनी डावा कान त्यांच्या तोंडाशी आणला. "काय? परत!" भाऊंनी डोळे मिटले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले. वहिनी दचकल्या, त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग हसत सुटल्या. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पूर्वीच्यासारख्या.

झालं! मग काय, माणूस सुटलाच. प्रत्येक गाण्याला ओरडले. लोक ओरडत होते तेव्हा ओरडले आणि लोक गप्प होते तेव्हाही ओरडले. शेजारच्या एका टकल्या गृहस्थानं त्यांची पाठ थोपटली, तर त्याच्याही तोंडावर ओरडले. अहो भाऊ, जरा दमानं! उद्याचं काय ठरलंय? पण कुणी हटकायचं? हटकणारी तर तिथं हसून हसून वाकली होती, आणि ती तशीच हसत राहावी एवढंच त्यांना दिसत होतं.

शेवटचं गाणं संथ होतं. वहिनी भाऊंच्या खांद्यावर डोकं टेकून उभ्या राहिल्या आणि गाणं संपेपर्यंत रडल्या. भाऊंनी काही बोलायला तोंड उघडलं, तर घशात काटे टोचले. दमलोय, त्यांना वाटलं.

रविवारी सकाळी वहिनींनी चहा केला, ठेवणीतली साडी नेसल्या आणि खुर्ची अशी फिरवून बसल्या की डावा कान भाऊंकडे यावा. "हं, करा सुरुवात."

भाऊंनी तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली.

"चेष्टा नका करू हं."

भाऊंनी परत जोर लावला. मानेच्या शिरा फुगल्या, चेहरा लालबुंद झाला, पण शब्द उमटेना. वहिनींच्या लक्षात आलं तेव्हा त्या ताडकन उठल्या. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, मध झाला, वाफारा झाला. औषधाच्या दुकानदारानं घसा बघितला आणि मान हलवली. "आवाज पार बसलाय. चार-पाच दिवस तरी लागतील. बोलायचा प्रयत्नसुद्धा करू नका."

चार-पाच दिवस! भाऊ रस्ताभर स्वतःच्या गालात मारून घेत घरी आले. त्यांनी कुजबुजून बघितलं. तेवढं वहिनींच्या अधू झालेल्या डाव्या कानाला पोचत नव्हतं. कागद-पेन्सिल घेऊन बसले तर वहिनींनी पेन्सिल काढून घेतली. "लिहिलेलं मी मंगळवारीही वाचीन हो, आणि पुढच्या वर्षीही. मला ऐकायचं होतं." हे त्या चिडून नाही म्हणाल्या. चिडल्या असत्या तर भाऊंना बरं वाटलं असतं.

दुपारी वहिनींनी स्वतःचा फोन घेतला आणि भाऊंनी कधीमधी पाठवलेले आवाजी निरोप शोधून काढले. होते थोडेच. "पोचलो." "उशीर होईल." "किल्ली शेजारी ठेवलीय." फोन डाव्या कानाला दाबून त्या ते पुन्हा पुन्हा लावत राहिल्या. उशीर होईल. उशीर होईल. भाऊ समोर बसून बघत होते. एवढी वर्षं फुकट घालवली, एवढी वर्षं, हे एकच डोक्यात घुमत होतं. एक निरोप जरा लांब पाठवला असता तर काय जीव गेला असता?

सोमवारी वहिनींना आत न्यायच्या वेळी भाऊ वाकले आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा झटले. घरघर तेवढी आली. "राहू द्या," वहिनी त्यांच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "घशाला त्रास होईल तुमच्या."

ऑपरेशन उत्तम झालं. सगळे तेच म्हणत होते.

गुरुवारी सकाळी भाऊ दवाखान्याच्या खालच्या टपरीवर गेले आणि म्हणाले, "एक चहा." खणखणीत. टपरीवाल्यानं चहा पुढे केला, तरी भाऊ तसेच उभे. मग चहा तिथंच टाकून ते धावत जिना चढले आणि खोलीच्या दारात येऊन थांबले. आवाज ऐकवायला धावलो, पण ऐकणारे कान आता नाहीत, हे त्यांना तिथं आठवलं.

वहिनी जाग्या होत्या, डोक्याला पट्टी गुंडाळलेली. भाऊंचा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "आवाज आला का हो?" आपला आवाज किती मोठा निघतोय हे आता त्यांना कळत नव्हतं, व्हरांडाभर गेला.

भाऊंनी त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि मान हलवली. नाही.

"मग बरंय," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे माझं अजून काही हुकलं नाही." आणि त्यांनी डोळे मिटले.

भाऊ बाहेर आले, दार ओढून घेतलं, तोच लेकीचा फोन आला. "हॅलो," भाऊ म्हणाले.

"अगं बाई! बाबा, आवाज सुटला की तुमचा! किती स्पष्ट येतोय! आईला सांगितलंत का?"

भाऊंनी फोन खाली केला, भिंतीकडे तोंड केलं आणि धाय मोकलून रडले. आवाज चांगला मोठा होता. शेजारच्या खोल्यांची दारं उघडली, माणसं बाहेर आली, नर्स धावत आली. वहिनींची खोली अगदी पाठीशी होती, पण आत काहीच ऐकू गेलं नाही.