कोयता, व्हिसा आणि बाबा

इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या थिएटरात बसून मी बाबांना अख्खा तमिळ पिक्चर मराठीत समजावून सांगितला. मला तमिळ येत नाही.

बाबा पाच महिने आमच्याकडे होते आणि गुरुवारी नाशिकला परत निघाले होते. (तिकीट मीच काढलं होतं. स्वस्तात!) व्हिसा अजून महिनाभर शिल्लक होता. ‘राहा ना’, एवढं दोन शब्दांचं वाक्य. पण बापाशी असं बोलायची आमच्या घराण्यात कुणाला सवय नाही. म्हणून मंगळवारी ऑफिसला दांडी मारली आणि म्हटलं, “बाबा, पिक्चरला जाऊ.”

पोस्टरवर बापाच्या खांद्यावर मुलाचा हात होता. मी विरघळलो आणि दुपारची तिकिटं काढली. सबटायटल्स संध्याकाळच्या शोला होती, हे दिवे मालवल्यावर कळलं.

“काय म्हणतोय रे तो?” बाबांनी विचारलं.

इथे ‘माहीत नाही’ म्हणायला हवं होतं. पण पार्कात रोज सेल्वम नावाच्या तमिळ आजोबांबरोबर फिरणाऱ्या बाबांसमोर मला हुशारी दाखवायची होती.

“काकाचा खून झाला. आता हा सूड घेणार.”

दहा मिनिटांत काका चालत आला.

“हा कोण?”

“जुळा भाऊ!”

“आणि ती मुलगी?”

“हिरोची बहीण.”

लगेच हिरो तिच्याबरोबर बर्फात गाणं म्हणू लागला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

“मानलेली बहीण होती,” मी म्हणालो. “आता मानत नाही.”

मागच्या रांगेतल्या बाईंनी माझ्या खुर्चीला गुडघा मारला. मी आवाज खाली आणला, थापा चालूच!

मग तो सीन आला. अंगणात म्हातारा बाप, समोर कोयता घेतलेला मुलगा. मुलगा बोलायला लागला आणि माझी जीभ सुटली.

“तो म्हणतोय, अप्पा, जाऊ नका. सकाळी किचनमध्ये तुमचा खोकला ऐकू आला नाही, तर घर रिकामं वाटेल. चहा कुणासाठी टाकू? व्हिसा अजून महिनाभर आहे...”

“व्हिसा?”

“म्हणजे... गावात राहायची परवानगी.”

“हे सगळं कोयता उगारून म्हणतोय?”

“भावनेच्या भरात, बाबा.”

पडद्यावर बापाने मुलाच्या कानाखाली खाडकन वाजवली.

“बाप काय म्हणाला?”

“विचार करतो म्हणाला.”

त्यानंतर चाळीस माणसं मेली. मला एकही दिसलं नाही. डोळे पुसत होतो. (पॉपकॉर्नला मीठ फार होतं.)

कार पार्कमध्ये बाबा शांतपणे म्हणाले, “मागच्या आठवड्यात सेल्वमबरोबर पाहिला, तेव्हा गोष्ट वेगळी होती.”

“तुम्ही पाहिलाय?”

“सबटायटल्ससकट. ती बहीण नाही, वकील आहे. आणि काका मेला ते आधी दाखवलं, मग जुनी हकीकत.”

“मग मला थांबवलं का नाहीत?”

“पाच महिन्यांत पहिल्यांदा तीन तास शेजारी बसलास. म्हटलं, बोलू दे.”

मी उगाच गाडीच्या किल्ल्या शोधल्या. त्या हातातच होत्या.

“तो मुलगा खरं काय म्हणत होता?”

“उद्या संध्याकाळच्या आत गाव सोड, नाहीतर तुकडे करीन.”

गाडीत बसलो. बाबांचा सीटबेल्ट नेहमीसारखा अडकला, मी नेहमीसारखा लावून दिला. गुरुवारनंतर या सीटवर माझ्या लॅपटॉपची बॅग बसणार होती. शेवटी धीर करून, मराठीत, म्हणालो, “बाबा, राहता का अजून महिनाभर?”

“आता तुझ्या ताईला शब्द दिलाय. नाशिकला स्टेशनवर घ्यायला येतेय ती.” बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, “तिकीट काढलंस त्या दिवशी विचारलं असतंस तर राहिलो असतो, गाढवा. तेव्हा नाचत आलास आणि म्हणालास, ‘बाबा, विंडो सीट मिळाली!’”