तीन धाग्यांची ढिलाई

हे नीट वाच सुजाता, आणि मावशी रागावते म्हणून तोंड पाडू नकोस. टेबल सॉ घेऊन पंधरा दिवस झाले नाहीत, आणि दुकानदाराला फोन करून मशीन परत न्या म्हणून सांगून मोकळी झालीस. कारण काय, तर काप नीट येत नाही. अगं, पातं एकदा तरी काढून बघितलंस का? नाही. अक्कलकोटात बसून मशीनला नावं ठेवायची, एवढं जमतं. मी पण ठेवली होती, म्हणून सांगते.

आणखी कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी आधी थोडं. टेबल सॉ म्हणजे सपाट लोखंडी टेबल. त्याच्या चिरेतून गोल दातेरी पातं वर आलेलं असतं. पातं जागेवर फिरतं, लाकूड आपण ढकलायचं. शेजारी एक आडवी पट्टी असते, तिला फेन्स म्हणतात. लाकूड तिला टेकवून ढकललं की काप सरळ येतो. पातं गरगर फिरतं, पण डावी-उजवीकडं सरकत नाही, असं आपण धरून चालतो.

दसरा होऊन दोन दिवस झाले होते. सकाळी माझ्या सुतारकामाच्या दुकानाचं शटर वर केलं तर बाहेर राजय्यामामा उभे, काखेत चादरीत गुंडाळलेली पाच फुटी फळी. मागं त्यांच्या बायको लक्ष्मीबाई. त्यांनी दोन्ही हातांत मागाची फणी धरली होती, बाळाला आंघोळीला नेतात तशी. मामा हातमागावर विणतात. चित्रांची वॉल हँगिंग करतात, माणसांचे चेहरे अगदी हुबेहूब.

"अक्का, ह्या फळीला एवढी एक खाच पायजे," मामा म्हणाले. "पयली फळी मोडली."

फणी म्हणजे बारीक दातांची लांब चौकट. ताण्याचे, म्हणजे उभे, धागे तिच्यातून जातात. ती जाड फळीच्या खाचेत बसते, आणि विणकर प्रत्येक धागा टाकला की फळी पुढं ओढून ठोका मारतो. खाचेत फणी हलली की प्रत्येक ठोका वेगळ्या जागी पडणार.

मी फळी उघडली. जुनं काळपट सागवान, हाताच्या तेलानं गुळगुळीत झालेलं.

"दुसरं लाकूड घालू की मामा. माझ्याकडं चांगलं पडलंय."

"नको. वडलांच्या मागाचं हाय हे. वाळायचं तेवढं वाळलंय, आता वाकत न्हाय की फुगत न्हाय. तुमचं लाकूड चांगलं असंल, पर पावसाळ्यात काय करंल कुणाला ठावं. चित्र अर्ध्यात हाय."

"अर्ध्यात म्हंजे माझ्या नाकाखाली," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "जन्मभर दुनियेची तोंडं इनली. पुढारी इनले, देव इनले. आता कुटं माझी पाळी आली. हनुवटी झाली, ओठ झाले, अन् फळी मोडली."

"आगु," मामा म्हणाले. तेलुगूत थांब. त्या काही थांबल्या नाहीत.

"आता डोळे यायचेत, अक्का. डोळ्यात एक धागा हलला तर ती मी न्हाय, शेजारीण दिसंल."

म्हणजे फळी एकच आणि संधी पण एकच. खाच रुंद झाली की पुन्हा अरुंद करता येत नाही.

मी म्हटलं, बसा. आणि सेटिंगला लागले. आधी प्लग काढला. पात्याजवळ हात न्यायचा तर प्लग भिंतीत नको, बटण बंद आहे एवढ्यावर भागत नाही. टेबलाला पात्याच्या बाजूनं एक लांब खाच असते. तिच्यात सरकणारी एक लाकडी पट्टी मी करून ठेवलीय, तिच्या टोकाला एक स्क्रू. पात्याच्या एका दाताला खडूनं खूण करायची. तो दात पुढं आणून स्क्रू त्याला जेमतेम टेकवायचा. मग तोच दात हातानं फिरवून मागं न्यायचा, पट्टी सरकवायची, आणि तिथं पण तसाच टेकतो का बघायचं. टेकला की पातं टेबलाशी सरळ. दात एकच घ्यायचा, कारण सगळे दात अगदी सारखे नसतात. हे मला कुणी शिकवलं नाही. लाकूड नासवून नासवून कळलं.

पुढं टिक, मागं टिक. फेन्स पण त्याच मापानं सरळ केली. गुण्या लावून पातं टेबलाशी काटकोनात आहे का बघितलं. व्हर्नियरनं फणीच्या कडेची जाडी मोजली, पात्याच्या दाताची रुंदी मोजली. माझ्याकडच्या तीन पात्यांतलं हे एक अगदी तेवढंच. म्हणजे एका फेरीत खाच मापाची यायला हवी. पातं खाचेच्या खोलीएवढंच वर ठेवलं आणि एका टाकाऊ सागवानी तुकड्यावर काप मारला.

मामांनी फणी त्यात ठेवली. ती आत पडली आणि वाजली.

मामांनी खिशातून सूत काढलं. फणीच्या बाजूनं फटीत एक धागा सरकवला, मग दुसरा, मग तिसरा. चौथा गेला नाही.

"तीन धागे ढिल्ली," ते म्हणाले.

मी सगळं पुन्हा मोजलं. पुढं टिक, मागं टिक. दुसरा तुकडा कापला. तीनच धागे.

"आमच्या मागाला मोटर न्हाय ते बरंच हाय म्हणायचं," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "मामा, बेअरिंग गेलं असणार. मशीन उघडावी लागेल. आठवडा तरी जाईल."

मामा उठून मशीनसमोर उभे राहिले. "एकदा चालू करा. अन् बंद करा."

केलं. मी सवयीनं पाठ फिरवली.

"तिकडं कुटं बघताय? चालू असताना काय दिसत न्हाय. थांबताना बघा."

आयुष्यात किती वेळा ते बटण बंद केलं असेल, आणि दर वेळी पाठ फिरवली. त्या दिवशी बघितलं. पातं मंद होत गेलं आणि त्याची कड लाटेसारखी हलायला लागली. डावीकडं, उजवीकडं, दमलेल्या भोवऱ्यासारखी.

"डोलतंय की, अक्का."

डोलणारं पातं आपल्या जाडीपेक्षा जास्त लाकूड खातं, म्हणून खाच रुंद. आणि मला ते दिसलं का नाही? मी एकच दात मोजत होते म्हणून. तो दात पुढं नेला काय, मागं नेला काय, सारखाच कललेला राहणार. माझी रीत बरोबरच होती, पण तिच्यातून हे दिसणार नव्हतं.

प्लग काढला, नट सोडला, पातं बाहेर घेतलं. पात्याला दोन्ही बाजूंनी दोन जाड चकत्या दाबून धरतात, पुरीएवढ्या. त्यांना फ्लँज म्हणतात. पात्याच्या मधल्या भोकाजवळ, जिथं चकती टेकते तिथं, एक लालपिवळा ठिपका होता. नट आवळून आवळून दगडासारखा घट्ट झालेला, वर चकाकी आलेली.

तो मी लगेच ओळखला. खंडेनवमीला पातं धार लावून आलं होतं. पाटावर रंधा, करवत, गुण्या आणि मधोमध हे पातं मांडून मी पूजा केली. दाताला बोट कापेल म्हणून ओलं हळदकुंकू भोकाजवळ लावलं. दुसऱ्या दिवशी पातं चढवताना दात पुसले, कड पुसली. मधला भाग राहिला. भोकाजवळ केसाएवढा उंचवटा, पण कडेपर्यंत पोचता पोचता त्याचं चौपट होतं.

मामा वाकून बघत म्हणाले, "देव बसलाय मधी."

"देव न्हाय," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "अक्काचं बोट बसलंय."

मी मात्र त्या ठिपक्याकडं बघतच राहिले. एवढं जड लोखंड मी चार माणसं लावून आत आणवलं होतं. ते चिमूटभर कुंकवानं हलवलं. आणि ते ओळखलं कुणी, तर ज्यानं कधी टेबल सॉला हात लावला नाही त्या माणसानं. रोज हजार धागे एका रेषेत बघणारी नजर ती.

हात जोडले, आणि रॉकेलच्या फडक्यानं पुसलं. चकत्या पण पुसल्या. या वेळी आठ-दहा दात एकाच जागी आणून बघितले, सगळे सारखे टेकले. टाकाऊ तुकडा कापला. फणी अंगठ्यानं दाबल्यावर आत गेली. मामांनी तुकडा उलटा धरला, पडली नाही. धागा घालून बघितला. एकही गेला नाही.

मग ती फळी. पाच फूट, मधे न थांबता. शेवटच्या वितीला हात पात्यापासून लांब राहावा म्हणून ढकलकाठी घेतली. वरून काळं ते लाकूड आतून अजून मधासारखं पिवळं होतं, आणि वास नव्या सागवानाचा. मामांनी खाचेतून नुसतं बोट फिरवलं. फळी पुन्हा चादरीत गुंडाळली.

दिवाळीनंतर त्यांच्या घरी गेले. माग चालू होता. फणी वाजत नव्हती, नुसता ठोका ऐकू येत होता. एका ठोक्याला एक धागा. डाव्या डोळ्याचा कोपरा येत होता, एकेक ओळ करून, आणि खाली खऱ्या लक्ष्मीबाई लसूण सोलत बसल्या होत्या. मी एकदा वर बघायची, एकदा खाली.

"सुरकुत्या नगं म्हटलं तर ऐकत न्हाईत," त्या म्हणाल्या.

"हाय ते इनतोय," मामा म्हणाले.

तर सुजाता, पूजा मी अजून करते. पण पातं चढवायच्या आधी मधला भाग पुसते, आणि मशीन बंद केली की थांबेपर्यंत तिच्याकडं बघते. आपल्या बोटाचं कुंकू देवाला चालतं, फ्लँजला चालत नाही. नवी मशीन आली म्हणून तू पण कुंकू लावलं असशीलच. कुठं लावलंस ते आठव.

आणि दुकानदाराला पुन्हा फोन करायच्या आधी इकडं ये. मशीन आणू नकोस, नुसतं पातं फडक्यात गुंडाळून आण. वॉल हँगिंग आता पुरं झालंय, मामांच्या घरी जाऊन दोन्ही लक्ष्मीबाई बघू. निघायच्या आधी भोकाजवळ बोट फिरवून बघ. काही लागलं तरी ये, नाही लागलं तरी ये. पण लवकर ये.